बसून राहिली

मित्रांनो, देशाचे भवितव्य वर्गात घडते, आणि ते घडत असताना त्याचा सगळा भार माझ्यावर असतो. मी अमरावतीच्या एका शाळेतला सागवानी बाक आहे. खरे सांगायचे तर सागवान फक्त वरच्या फळीत आहे. पाय बाभळीचे आहेत आणि त्यातला एक बोटभर आखूड आहे. त्यामुळे माझ्यावर बसलेले भवितव्य टक-टक वाजते.

परतवाड्याच्या ज्या सुताराने मला घडवले, तो शेवटपर्यंत म्हणत होता की चारही पाय सारखेच आहेत, शाळेची जमीनच वाकडी आहे. त्याचे कोणी ऐकले नाही. वर्षानुवर्षे माझ्या पायाखाली कागदाच्या घड्या सारल्या गेल्या. त्यांत शिस्तीची परिपत्रकेही होती. थोडा वेळ मी गप्प राहायचो, मग पुन्हा टक. शेवटी वर्गांत लोखंडी बाक आले आणि माझी रवानगी सायकल स्टँडमागच्या खोलीत झाली.

त्या खोलीत पुढे एक वर्ग सुरू झाला. ज्या मुलांना शाळेतून काढायचे जवळजवळ ठरले आहे, त्यांना आधी इथे ठेवून पाहायचे. पाटीवर नाव होते 'नवचैतन्य वर्ग'. सगळी शाळा त्याला कोंडवाडा म्हणे.

नीलम तिथे आली ती एकाच गुन्ह्यासाठी. ती एका जागी बसत नसे. तास चालू असताना उठे, खिडकीशी जाई, परत येताना कोणाच्या तरी वहीतले गणित दुरुस्त करी. ते बरोबर निघे, याचा शिक्षकांना जास्त राग येई. आठवीपर्यंत कोणाला काढता येत नाही, म्हणून आमचे मुख्याध्यापक भगवंतराव सर तिच्या नववीची मनापासून वाट पाहत होते.

नववी लागताच तिची आई भागीरथाबाई धावत आली. "सर, पोरीले दाखला देऊ नका. दाखल्यावर वागणुकीचा शेरा पडला तं दुसरी शाळा दारात उभी करत नाही."

"आधी तिला घरी बसायची सवय लावा."

"घरी बसली असती तं शाळेत काहून टाकली असती?"

सरांनी दाखल्याचा कागद परत खणात ठेवला आणि नीलमला कोंडवाडा मिळाला. अट एकच. सत्र संपताना पुण्याहून संस्थेचे साहेब येतील. त्या दिवशी ती पूर्ण तास बसून दिसली तर परत नववीत, नाही तर दाखला.

कोंडवाड्यावर सिंधू मॅडम होत्या. पहिल्याच दिवशी कोणीतरी माझ्या पायाखाली घडी सारायला वाकले, तर त्या म्हणाल्या, "राहू दे. हलू दे त्याले." मग नीलम माझ्यावर झुलत गणिते सोडवू लागली. प्रत्येक टकला एक पायरी. झुलून भागले नाही की उठून फिरे आणि फिरता फिरता इतरांना समजावून सांगे. मित्रांनो, मला दुरुस्त करू पाहणारे पुष्कळ भेटले होते. वापरणारी ही पहिली.

साहेब आले. सरांनी त्यांना ऑफिसात आलुबोंडे खायला घातले. तास तिकडेच सरत आला. इकडे नीलम खिडकीच्या कट्ट्यावर होती. बुटांचा आवाज आला तशी मॅडम ओरडल्या, "अवं बस नं लवकर!" ती धावली, आणि साहेब दारात आले तेव्हा अर्धवट वाकलेली होती. माझ्या फळीला टेकलीसुद्धा नव्हती.

"काय गं, काय करते आहेस?"

"बसून राहिली, सर."

इथे थोडे व्याकरण सांगायला हवे. आमच्याकडे 'बसून राहिली' म्हणजे आत्ता बसतेय, बसणे चालू आहे. पुण्यात त्याचा अर्थ होतो, बसली ती उठलीच नाही.

साहेब गहिवरले. "खरंच बसून राहिलीस?"

"हो सर, बसूनच राहिली ना! दिसून नाही राहिलं काय तुमाले?"

भगवंतराव सर जवळच्याच चांदूर रेल्वे गावचे, आणि विषय मराठी. त्यांना दोन्ही अर्थ येत होते. त्यांनी तोंड उघडले. मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. मीसुद्धा टक केले नाही.

"साहेब," सर म्हणाले, "तुमचा आलुबोंडा थंडा होऊन राहिला."

शाळेच्या आवारात ते वऱ्हाडी बोलल्याचे मी प्रथमच ऐकले.

साहेबांनी अहवालात लिहिले की वर्ग अत्यंत यशस्वी आहे, विद्यार्थी तासभर बसून राहतात, त्यामुळे आता या वर्गाची गरज उरलेली नाही. कोंडवाडा बंद झाला. सिंधू मॅडमना पहिलीचा वर्ग दिला. नीलमला दाखला मिळाला नाही, ती नववी 'ब'मध्ये परत गेली. जाताना तिने मला एकदा शेवटचे टक करून पाहिले. आता माझ्यावर सायकलींचे पंप ठेवतात.

मित्रांनो, डगमगणारा बाक दिसला तर लगेच त्याच्या पायाखाली कागद सारू नका. आधी जमीन पाहा. एवढीच माझी विनंती.

नववी 'ब'मधले बाक फरशीला बोल्टने आवळलेले आहेत.