टाकीतलं पाणी

मित्रांनो, चार माणसं बसतील एवढंसं मी विमान आहे. वय त्रेचाळीस. नाकावर एकच पंखा आणि पोटात एक जुनं पण खणखणीत इंजिन. जुनं म्हणून माझी कीव करू नका. आजही वारा समोरून असला, की मी अलगद जमीन सोडतो.

कारखान्यातून निघालो तो थेट उड्डाणशाळेत. तिथे शिकाऊ मंडळींनी सोळा वर्षं मला धावपट्टीवर आपटलं, पण मी हूं की चूं केलं नाही. त्यांतले कितीतरी जण पुढे मोठी विमानं चालवू लागले. त्यांचा पाया माझ्याकडे घातला गेला, हे मी छाती पुढे काढून सांगतो. मग शाळा बंद पडली. मी शेडमागे पडून राहिलो. टायर बसले, इंजिनात पाखरांनी घरटं केलं, आणि येणारेजाणारे मला भंगार म्हणू लागले.

तिथे मला दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. बाई वीस वर्षं दुसऱ्यांची विमानं चालवत होत्या, स्वतःचं नव्हतं. मला विकत घेणं एकटीला झेपणार नाही म्हणून त्यांनी भावजयीला भागीदार केलं. नणंद-भावजयीची भागीदारी ऐकून नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. पण दोघींचं मेतकूट जमलं. भावजय दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. नणंदेच्या आग्रहाने तीही उडायला शिकली आणि परवाना मिळवून मोकळी झाली.

त्यांच्या मेकॅनिकने मला पुन्हा धडधाकट केलं. पुढे एकदा तपासणीत त्याने बाईंना सांगितलं, की उजव्या पंखातल्या इंधनटाकीच्या झाकणाचं रबर चिरलंय, बदलून घ्या. पुढच्या आठवड्यात बघू, असं बाई म्हणाल्या. असे बरेच आठवडे गेले.

एका सकाळी दोघी धावतच आल्या. बाईंचे वडील, म्हणजे भावजयीचे सासरे, दूरच्या डोंगरगावात राहायचे. त्यांना तिकडच्याच शहरात इस्पितळात नेलं होतं आणि दुपारी हृदयाचं ऑपरेशन होतं. रस्त्याने आठ तास, माझ्याबरोबर सव्वा तास. रात्रभर पाऊस पडून आकाश लख्ख झालं होतं. बाईंनी माझे दोर सोडले. भावजयीने नेहमीप्रमाणे उजव्या पंखाखालची तोटी दाबून पारदर्शक पेल्यात थोडं इंधन काढलं. आमचं इंधन निळसर असतं. पाणी त्याहून जड, म्हणून ते तळाशी बसतं. पेल्याच्या तळाशी बोटभर पाणी होतं.

तिने पुन्हा पेला भरला. पुन्हा पाणी. पंख धरून तिने मला गदागदा हलवलं, तर आणखीच आलं. पावसानंतर असं व्हायचंच, दोन पेले टाकले की जातं, असं बाई म्हणत होत्या. पण सहाव्या पेल्यातही पाणी होतं.

"अगं, बाबा तिकडे ऑपरेशनला चाललेत, आणि तू पेले भरत बसलीयस," बाई म्हणाल्या.

भावजय उठून उभी राहिली. "वन्सं, दुधातलं पाणी शोधण्याचाच मला पगार मिळतो. हे तर न शोधता दिसतंय. वर गेल्यावर इंजिन बंद पडलं, तर आपल्या दोघींची बातमी बाबांना कोण सांगणार?"

मला स्वतःवर पुरेपूर भरवसा आहे. पण पाणी पिऊन इंजिन चालत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? बाईंनी पेला हातात घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "गाडी तू चालव. आपण रस्त्यानेच जाऊ."

दोघी रस्त्याने गेल्या. मेकॅनिकने माझी टाकी रिकामी केली, तर तांब्याभर पाणी निघालं. चिरलेल्या रबरातून रात्रभर ते आत झिरपलं होतं.

चौथ्या दिवशी बाई आल्या. ऑपरेशन नीट पार पडलं होतं. पण दोघी पोहोचल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. आत नेण्याआधी बाबांनी दोनदा विचारलं होतं, लेक आली का म्हणून.

"रबर बदला म्हणून तुम्ही सांगितलं होतंत," बाई मेकॅनिकला म्हणाल्या. "बाबांनी विचारलं तेव्हा मी तिथे नव्हते. ही चूक विमानाची नाही, माझी आहे."

त्याच दिवशी नवं रबर बसलं, आणि ते बाईंनी स्वतःच्या हातांनी बसवलं. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा बाबांना मीच इकडे घरी आणलं. भावजय चालवत होती. बाई मागे बाबांच्या शेजारी बसल्या होत्या आणि उतरेपर्यंत त्यांनी बाबांचा हात सोडला नाही. मीही असा उतरलो, की बाबांची झोपसुद्धा मोडली नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नाही. आम्ही चिरतो, गळतो, खुळखुळतो, एवढंच आमचं सांगणं. ते वेळेवर ऐका. आणि कोणी मध्येच 'थांबा' म्हणालं, तर रागावण्याआधी त्याच्या हातातला पेला बघा. तेवढं करा आणि खुशाल बिनघोर बसा. वर न्यायचं काम माझं.