मिठाचा अंदाज

पुंजाजीने जाळ्यातली सगळ्यात मोठी रोहू दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि तो विहिरीच्या पायऱ्या चढू लागला. मासोळी शेपटी आपटून त्याच्या बंडीवर चिखल उडवत होती. एरवी अंगावर शिंतोडा उडाला तरी शिव्या हासडणारा हा माणूस आज दात काढून हसत होता.

वर काठावर त्याची लेक पंचफुला उभी होती. महाराष्ट्र झाला त्या वर्षी तिचं लग्न झालं, आणि त्याच पावसाळ्यात ब्लॉकाच्या साहेबाने वाटलेलं मत्स्यबीज पुंजाजीने विहिरीत सोडलं. लेक मासोळीची वेडी. येईल तेव्हा घरची खाईल. पण संग्रामपूरकडच्या या गावापासून तिचं सासर, दुसरबीड, म्हणजे तीन एसट्या. ती आली ती थेट तिसऱ्या उन्हाळ्यात. तोवर तो रोज विहिरीत मूठभर सरकीची ढेप टाकत राहिला, आणि स्वतः एकही मासोळी खाल्ली नाही.

"घे, धर. पाह्य इचं वजन."

पंचफुलेने हात पुढे केले तसा पदर सरकला. गळ्यात तुळशीची माळ होती.

पुंजाजीचं हसू तिथंच थांबलं.

"कवा घातली?"

"सहा महिने झाले. मामंजी गेले, मंग सासूबाईनं घरात सगळ्यायलेच घातल्या."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी उठल्या उठल्या जाळं घेऊन निंगाले. कसं सांगू?"

तो मासोळी परत सोडायला वळला. तिने त्याचं मनगट धरलं.

"मले खायाची बंदी हाये, बाबा. साफ कराची अन् रांधाची कोनी घातली?"

कोणी घातली नव्हती, कारण असं काही कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

घरामागच्या दगडावर तिने राख पसरली, माळ चोळीत खोचली आणि मासोळी राखेत घोळली. मग विळ्याच्या पाठीने शेपटीकडून डोक्याकडे खवले काढू लागली. कल्ले उपटले, पोट चिरलं, पित्ताची पिशवी न फोडता अलगद बाहेर काढली. ती फुटली तर सगळी मासोळी कडू होते, हे त्यानेच तिला नवव्या वर्षी शिकवलं होतं. पोरीचे हात काही विसरले नव्हते. पुंजाजीला फार वाईट वाटत होतं आणि फार बरंही वाटत होतं. तुकडे करताना तिने एक नाकाशी नेला, मग बाप बघतोय म्हणून घाईने टोपल्यात टाकला.

ती मसाला वाटायला आत गेली तेव्हा पुंजाजीने सवयीप्रमाणे तुकड्यांना हळद-मीठ चोळलं. आई नसलेल्या घरात गेली कित्येक वर्षं रांधायचं काम त्याचंच. सांगायचं मात्र राहून गेलं. चाखता येणार नव्हतं म्हणून पंचफुलेने रश्श्यात मीठ अंदाजाने टाकलं, आणि अंदाज चांगला सढळ होता.

"बसा."

ती त्याच्यासमोर बसली. काटे काढून एकेक तुकडा त्याच्या ताटात ठेवू लागली, तो तिला लहानपणी द्यायचा तसा. पहिल्याच घासाला पुंजाजीची जीभ आक्रसली.

"मीठ बरोबर हाये ना?"

"एकदम बरोबर. टाक अजून."

तिने टाकलं. त्याने खाल्लं. दोन तांबे पाणी संपल्यावर तो तिसऱ्यासाठी अंगणातल्या रांजणाकडे गेला. तिथे जरा जास्तच वेळ उभा राहिला. लेकीपुढे डोळे पुसायचे नव्हते.

परत आला तेव्हा पंचफुला चुलीकडे तोंड करून बसली होती.

"खोटं काऊन बोलता, बाबा?" ती म्हणाली. "पार खारट झालं हाये."

पुंजाजी दारातच थबकला. मग पुढे होऊन त्याने भरलेला तांब्या तिच्याजवळ ठेवला.

"पानी पे," तो म्हणाला.