जमादाराचा उजवा बूट

मी बूट बोलतोय. उजव्या पायाचा. डाव्याला काही विचारू नका, तो जन्मापासून मुका आहे. कुरकुरायचं आणि शिव्या खायच्या, हे सगळं माझ्याच वाट्याला. शाळेत मी फक्त मतदानाच्या बंदोबस्ताला गेलो, म्हणून सजवून सांगता येत नाही. सरळ सांगतो.

गोंदियाच्या बाजारात घनश्याम मोच्यानं म्हशीच्या कातड्यातून मला शिवलं. पोलिसातल्या केवळराम जमादारांचा पाय फावड्यासारखा रुंद. दुसरे बूट चावायचे, म्हणून त्यांनी आम्हाला मापानं करून घेतलं. पहिलंच पाऊल टाकलं आणि माझ्या तळातून आवाज निघाला, कर्र!

घनश्याम ओशाळला. "साहब, दो दिन रख दो. तेल पिला देता हूँ, बंद हो जाएगा."

"राहू दे बे," जमादार म्हणाले. "चोराले दुरूनच आयकू येईल, अन् थो आपसूक पळंल. माही धावाधाव वाचली."

आता तुम्हीच सांगा, वाजता बूट घालून कोणी चोर पकडतं का? पण जमादाराला अक्कल शिकवणार कोण. नोकरीची शेवटची बारा वर्षं त्यांनी मला असंच वाजवलं.

गांजाच्या धाडीला निघालो की शेताच्या धुऱ्यावरून माझी कर्र कर्र आमच्या पुढं पोचायची. विकणारा ती ऐकायचा, माल उचलायचा आणि धानाच्या बांध्यांतून पसार. ओढणारा मात्र बसल्या जागी. डोळे लाल, तोंडावर हसू, उठायला पाय नाहीत. एकानं तर वाकून मलाच नमस्कार केला. जमादार त्याला धरायचे, कागद भरायचे, फोटो निघायचा, साहेब खूश. मीही छाती काढून चालायचो. बुटाला छाती नसते, पण तेव्हा मस्ती होती.

कामठ्याचा योगराज, ट्रॅक्टर चालवणारा आणि गांजा ओढणारा, आम्ही तीनदा धरला. तिसऱ्यांदा घरातून. त्याच्या आईनं, शांतीबाईनं, ओसरी नुकतीच शेणानं सारवली होती. गावात कोणी पायताण घालून ओसरी चढत नाही. पोलीस चढतो. ओल्या सारवणावर माझा ठसा चांगला ठळक उठला. म्हातारीनं शेणाचा गोळा घेतला आणि आमच्यादेखतच तो ठसा पुन्हा सारवून टाकला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

जमादार रिटायर झाले. एक दिवस तांदूळ निवडता निवडता सुलोचनाबाई, त्यांची बायको, म्हणाल्या, "एवढे धरले तुमी. त्यातला इकनारा कोनता होता जी?"

जमादारांनी बोटं मोजायला मूठ वर केली. एकही बोट उघडलं नाही.

चार दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. पाचव्या दिवशी म्हणाले, "म्या उलटं काम केलं. ज्याले पळता येत नाही, त्यालेच पकडलं."

तेव्हापासून माणूस सायकल घेऊन गावोगाव सुटला. म्हणणं एकच. ओढणाऱ्याला कोठडी नको, दवाखाना द्या. गावच्या आरोग्य केंद्रात व्यसनाचा डॉक्टर बसवा. पोलीस विकणाऱ्याच्या मागं लावा. असा ठराव ग्रामसभेनं करावा, तो जमादार दिल्लीपर्यंत नेतील, कायदा बदला म्हणतील.

पहिली सभा कामठ्यात. चौकात कर्र वाजलं आणि पानठेल्यामागचे सात-आठ पोट्टे भुर्रकन उडाले.

"थांबा बे! मी रिटायर हाव!" जमादार ओरडत मागं धावले. "धाड नोहोय, सभा हाय!"

कोण थांबतो! एकाची चप्पल नालीच्या चिखलात राहिली, ती घ्यायलाही तो वळला नाही. सरपंच चंदाताई पदर तोंडाला लावून हसल्या, मग म्हणाल्या, "साहेब, ज्यांच्यासाठी ठराव, थेच पळाले. त्यातला एक तरी उभा राहून म्हनू द्या, मले दवाखाना पाहिजे. सोमवारी पुन्हा सभा हाय. तवा माणूस नाही भेटला, तर विषय बंद."

जमादार तडक शांतीबाईच्या दारात. योगराज धानाच्या कोठीमागं लपला. जमादार पायरीशी थांबले, वाकले आणि आम्हाला काढून खाली ठेवलं. एवढ्या वर्षांत कोणाच्या दारात पहिल्यांदा.

"काऊन जी जमादार?" म्हातारी म्हणाली. "आता आठवलं का बूट काढाचं?"

"चुकलो, बाई."

"चुकलो म्हनल्यानं होते का? तुमी माह्या पोराले नेलं. आता मी तुमचे बूट जप्त करून राहिली. सुकराम! ये रे इकडं, पंच हो!"

शेजारचा सुकराम धावत आला. "काय काय जप्त हाय, काकी?"

"बूट दोन. एक बोलका, एक मुका."

जमादार मान खाली घालून म्हणाले, "सही करू?"

"अंगठा द्या. पायाचा."

कोठीमागून खोऽ करून हसू फुटलं. जमादार तापल्या रस्त्यानं अनवाणी उड्या मारत सायकलीकडं गेले.

सोमवारी ते सुलोचनाबाईंच्या चपला घालून सभेला आले. आवाज नाही, म्हणून पोट्टे पानठेल्यामागं निवांत. जमादार बोलबोल बोलले. उभं कोणी राहिलं नाही. चंदाताईंनी वही मिटायला घेतली, तेवढ्यात गल्लीतून, कर्र कर्र!

पोट्टे अर्धे उठले. जमादारांनी घाबरून स्वतःच्याच पायाकडं पाहिलं. बघतात तर बुटांत चिंध्या कोंबून योगराज येऊन राहिला. सभा अशी हसली की झाडावरचे बगळे उठले.

"बसा बे, मी आहो," योगराज म्हणाला. "मले तीनदा धरलं. कोठडीत कोनी इचारलं नाही, का बाबू, सोडाचं हाय का? मले सोडाचं हाय. एकट्यानं होत नाही. दवाखाना द्या."

वरून आवाज खणखणीत होता. खाली माझ्यात त्यानं बोटांनी चिंध्या घट्ट धरून ठेवल्या होत्या, हे फक्त मला माहीत.

"हात वर!" चंदाताई म्हणाल्या. शांतीबाईनं दोन्ही केले.

"काकी, एकच धरतात."

"दुसरा जमादाराचा समज. त्याचे दोनी हात डोये पुसन्यात गुतले."

ठराव झाला. आता नऊ गावांचे झाले. दिल्ली अजून बोलली नाही, कायदा होता तसाच आहे. पण कामठ्यात दर गुरुवारी डॉक्टर बसतो, आणि पानठेल्यामागचे तीन पोट्टे रांगेत असतात. मी शांतीबाईच्या पायरीशी असतो. ती मला परत देत नाही, जमादार मागत नाहीत.

तुमच्या गावात एखादा म्हातारा बायकोच्या चपला घालून आला आणि सभा मागू लागला, तर हसा खुशाल. पण पळू नका. बसून ऐका, आणि पटलं तर हात वर करा.

बरं, पुरे झालं. योगराज माझ्यात चिंध्या कोंबून राहिला. आज गुरुवार आहे, आम्हाला जायचंय.