छगनचे अडतीस श्वास

धुळ्याच्या आमच्या दवाखान्यात १९३६ साली नर्सिंगचा पहिला वर्ग निघाला. मुली पाच आल्या, पण पुस्तक होतं ते एकच आणि इंग्रजीत. मी तिथे कारकून. वाचनाचा नाद होता, एवढ्यावरून भाषांतर माझ्या गळ्यात पडलं. नको म्हणायला हवं होतं, पण त्यालाही धीर लागतो.

महिनाभर खपून मी लहान मुलांच्या तपासणीची वही तयार केली. मूल झोपेत असताना आधी श्वास मोजा, पोट वरखाली होतं त्याकडे बघा, पूर्ण मिनिट मोजा. मग नाडी. थर्मामीटर शेवटी, बगलेत, कारण मूल एकदा रडलं की सगळे आकडे भलतीकडे जातात. वयाप्रमाणे श्वास किती, याचं कोष्टकही दिलं. मी स्वतः जन्मात कुणाचे श्वास मोजले नव्हते. मुलींनी वही उतरवून घेतली आणि पाठ केली.

पाचांत तानुबाई सर्वांत मोठी, चोवीस वर्षांची, विधवा. तिच्या भावाने, कौतिकने, तिला एकच वर्ष दिलं होतं. पास झाली तर नोकरी, नाही तर परत कापूस वेचायला. हे तिनेच मला सांगितलं होतं, वही उतरवताना, मान वर न करता.

परीक्षक सुंदरबाई जळगावहून यायच्या होत्या. चाळीसगावला त्यांची गाडी चुकली. तार आली की श्वासांची मोजणी उरकून घ्या, चिठ्ठ्या ठेवा. मोजायला मूल होतं छगन, आठ महिन्यांचा, धडधाकट. त्याची आई भागाबाई पायाच्या गळवासाठी भरती होती आणि हा खिडकीच्या गजाला बांधलेल्या झोळीत मालकासारखा पडून असे. पाच जणी टक लावून बघणार म्हटल्यावर भागाबाईने विचारलं, मग दृष्ट कोण काढणार? मीठ-मिरच्या आणून दिल्या तेव्हा कबूल झाली.

झोळी थांबवली. मी सेकंदकाट्याचं घड्याळ धरून बसलो. मुली एकेक करून आल्या, पाहिलं, चिठ्ठी लिहून गेल्या. छगन पाचही वेळा झोपून राहिला, हे त्याचे उपकार.

चिठ्ठ्या उघडल्या. चौघींचे अठरा. तानुबाईचे अडतीस.

तेवढ्यात ती आलीच. बाहेर मुलींनी आकडे ताडून पाहिले होते; सगळ्यांचे अठरा, हिचेच वेगळे.

"भाऊ, मन्ही चिठ्ठी परत द्या. बठ्ठ्यासनं अठरा शे. मन्हंच चुकनं."

मी वही पाहिली. तान्ह्या मुलांपुढे अठराच होते. मनात काय आलं कोण जाणे, मी कपाटातून इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात अठरा मोठ्या माणसांचे होते. तान्ह्यांचे तीस ते चाळीस. कोष्टक उतरवताना माझी नजर एक ओळ घसरली होती.

चौघींकडून नव्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या असत्या तर माझ्या वहीतली चूक कुणाला कळली नसती. असा विचार मी केला, खोटं कशाला सांगू. तानुबाई हात पुढे करून उभीच होती. चिठ्ठी मिळणार नाही, एवढंच मी म्हणालो. इंग्रजी पुस्तक परत कपाटात ठेवलं. ती गेली. थोड्या वेळाने व्हरांड्यात पाहिली तर लुगडी गाठोड्यात बांधत होती.

चार वाजता सुंदरबाई आल्या. पाणीसुद्धा न पिता झोळीपाशी गेल्या, मिनिटभर वाकून उभ्या राहिल्या आणि मग चिठ्ठ्या वाचू लागल्या. या चौघींच्या मते हे पोरगं कुणाचा तरी सासरा दिसतं, असं म्हणाल्या. मग मुलींना बोलावून विचारलं, मोजलं होतं की नाही? चौघींतली बेबाबाई म्हणाली, मोजलं होतं. छत्तीस-सदतीस येत होते. आपलंच चुकलं असं वाटून वहीतला आकडा लिहिला.

"वही कुणाची?"

एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही. तानुबाईनेसुद्धा नाही. ती गाठोडं काखेत घेऊन दाराशी उभी होती.

"माझी," मी म्हणालो. "ओळ माझी चुकली. तानुबाईचं बरोबर आहे. दुपारीच कळलं होतं मला."

सुंदरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कधी मोजले आहेत?"

"नाही."

चौघींनी उद्या पुन्हा मोजावं, असं त्यांनी ठरवलं. तानुबाईच्या नावापुढे पासाची खूण केली. आणि वही दुरुस्त करायच्या आधी या गृहस्थांना श्वास मोजायला शिकव, असं तिलाच सांगून चहाला गेल्या.

तानुबाईने गाठोडं खाली ठेवलं, घड्याळ हातात घेतलं. मी झोळीवर वाकलो. ते एवढंसं पोट किती भरभर हलतं, हे मला त्या दिवशी कळलं. सत्ताविसाला छगनने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि मी आकडा विसरलो.

"पहिल्यापासून, भाऊ," तानुबाई म्हणाली.