रिकाम्या झोळीचे वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. चौकटीला टांगतात तो, गोल तोंडाचा. कारखान्यात माझा काटा शून्यावर बसवला आणि मला एका लहानशा पोषण केंद्रात धाडले. माझ्या हुकाला झोळी, झोळीत मूल. मला पाहून मुले जेवढी रडली, तेवढी डॉक्टरांना पाहूनही रडली नसतील.

वजन वयाच्या मानाने कमी भरले, की त्या घरी पौष्टिक पिठाचे पाकीट जायचे. केंद्रातल्या सेविकाताई साठही मुलांना नावाने ओळखत. मग योजना वाढली. चार वस्त्या जोडल्या गेल्या, साठची सहाशे मुले झाली. नव्या झोळ्या आल्या, जाड कापडाच्या, लोखंडी कड्यांच्या. झोळी बदलली की माझा स्क्रू फिरवून काटा पुन्हा शून्यावर आणावा लागतो. पण दारात ही रांग! ताईंना मान वर करायला फुरसत नव्हती. ते राहून गेले.

त्या दिवसापासून प्रत्येक मूल अर्धा किलो जास्त भरू लागले. कमी वजनाची मुले बघता बघता निम्म्यावर आली. मोठे साहेब आले, माझ्या काचेवर टिचकी मारून म्हणाले, "वा! योजना लागू पडली." मी धडधडीत खोटे सांगत होतो. लाज वाटायला हवी होती. काहीच वाटले नाही.

एक आजी नातीला घेऊन यायची.

"अगं बाई, रोज कडेवर घेते मी हिला. पोर हलकी झालीय."

"आजी, काटा बघा ना. वजन बरोबर आहे. पाकीट कसं देऊ?"

आजीने माझ्याकडे पाहिले आणि नातीला पुन्हा कडेवर घेतले. दोन महिने ती अशीच रिकाम्या हाताने परत गेली. तिसऱ्या महिन्यात साध्या तापाने नात गेली. पोरीच्या अंगात ताकदच उरली नव्हती.

हे कळले त्या दिवशी ताईंनी रिकामी झोळी टांगली. काटा अर्ध्या किलोवर उभा. ताईंनी स्क्रू फिरवला आणि सगळ्या वस्त्यांतली मुले परत बोलावली. एकोणनव्वद घरी पाकिटे सुरू झाली.

आजी अजून वजनाच्या दिवशी येते, एकटीच. माझ्याखाली बसते आणि ताईंना म्हणते, "आधी रिकामी झोळी टांग."

मित्रांनो, तिची नात काही परत येणार नाही. पण तुमच्या धाकट्या भावंडाला वजनाला न्याल, तेव्हा झोळीत घालण्याआधी काटा कुठे आहे ते बघा. शून्यावर नसेल, तर मोठ्याने सांगा. रांग खोळंबली तर खोळंबू द्या.