वरून साखर घातलेली नाही

धाकटी एक्कावन्न वर्षांची झाली, तरी घरात ती धाकटीच राहिली. फळांच्या रसाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, ती वीस वर्षं गोडी मोजत होती. यंत्राच्या काचेवर रसाचा एक थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. ताजा रस बारा-तेरा भरायचा. तोच रस आटवला की काकवीसारखा दाट पाक व्हायचा आणि आकडा सत्तरावर जायचा. चोथा गुरांच्या खाद्याला जाई. पाकाच्या डब्यावर मात्र हिरव्या अक्षरांत छापलेलं असे : वरून साखर घातलेली नाही.

ताई तिच्याकडे राहायला आली ती स्वतःच्या मुलीशी बिनसल्यावर. मुलीने मनाविरुद्ध लग्न केलं, ताई लग्नाला गेली नाही, आणि त्यानंतर दोन वर्षं दोघींपैकी एकीनेही फोन उचलून नंबर लावला नाही. रविवारी सकाळी ताई फोन जवळ घेऊन बसे. दुपारपर्यंत तो वाजला नाही की स्वयंपाकघरात जाई आणि बिस्किटांचा पुडा उभ्या उभ्या संपवी.

"अगं, तूच कर ना फोन," धाकटी म्हणायची.

"मी आई आहे. मी कशाला करू? आणि तूही करायचा नाहीस."

रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर काठावर आहे, आता गोड बंद. धाकटीने बिस्किटं आणणं सोडलं. तेव्हा ताई डब्यातली साखर मुठीने खायला लागली. धाकटीने डबा कपाटात कुलपात ठेवला. त्यावरून जे रामायण झालं, ते शेजारच्यांनीही ऐकलं. "तुझ्या घरात मी चोर झाले," म्हणत ताई रडली आणि दोन दिवस जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी धाकटीने कारखान्यातून सफरचंदाच्या पाकाचा एक डबा आणला.

"हे काय?"

"फळाचंच आहे. चमचाभर पाण्यात घालून घे."

ताईने चष्मा लावून डब्यावरची हिरवी अक्षरं वाचली. मग चमचा चाटला. कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा सैल झाला.

त्यानंतर घरात शांतता आली. पाण्यातला चमचा आठवड्याभरात पाण्याबाहेर आला. महिन्याने डबा आठवडाभर पुरेनासा झाला. रविवारी फोन वाजला नाही तरी ताई चिडत नसे. चमचा घेऊन खिडकीशी बसे आणि धाकटीला लहानपणच्या गोष्टी सांगे. संध्याकाळी धाकटीच्या चपलांचा आवाज आला की दार आतून उघडायचं. कामावरून परतल्यावर आपली कुणी वाट पाहतंय, हे सुख धाकटीने आयुष्यात पहिल्यांदाच चाखलं होतं.

एकदा तिने धीर करून म्हटलं, "ताई, हीपण गोडीच आहे हं. जरा बेताने."

"फळाचीच ना पण? सफरचंदाला मधुमेह झालेला पाहिलायस कधी?" ताई आपल्याच विनोदावर खळखळून हसली. "सांग की, फळाचीच ना?"

फळ चावून खाल्लं तर त्याची गोडी चोथ्याबरोबर सावकाश पोटात उतरते. चोथा काढून रस आटवला की उरते ती नुसती साखर, मग ती उसाची असो नाहीतर सफरचंदाची. हे धाकटीला पाठ होतं. ती कारखान्यात नव्या मुलींना हेच शिकवायची.

"हो," ती म्हणाली.

आठ महिन्यांनी ताईला सारखी तहान लागायला लागली. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. एका सकाळी भांडी घासता घासता ती तिथेच खाली बसली. दवाखान्यात साखर चारशेच्या वर निघाली.

"काय खाता तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"साखरेचा कणसुद्धा नाही," ताई ताठ बसून म्हणाली. "फक्त फळाचा पाक. हीच आणते कारखान्यातून. तिथे गोडी मोजायला हीच असते."

डॉक्टरीणबाईंनी धाकटीकडे पाहिलं. "किती भरते?"

"सत्तर."

"शंभरात?"

"हो."

ताई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिली. घरी स्वयंपाकघरात पोचल्यावर ती खुर्चीला धरून म्हणाली, "तुला ठाऊक होतं."

"तू जेवत नव्हतीस, ताई. रडत होतीस. मला वाटलं, थोडं थोडं घेशील..."

"आठ महिने तुला थोडंच वाटत होतं?"

ताईने फोन उचलला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मुलीचा नंबर लावला. तो तिला तोंडपाठ होता. "मी आई बोलतेय," ती म्हणाली. "तुझ्या मावशीने काय केलंय माझं, ऐक."

मुलगी दुसऱ्याच दिवशी आली. मायलेकी गळ्यात गळा घालून रडल्या. बॅग भरून झाल्यावर मुलगी दारात थांबली.

"मावशी, तिला गप्प ठेवायचं होतं, तर मला फोन करायचास."

"तीच करू देत नव्हती गं."

"पाक द्यायला बरी परवानगी लागली नाही," मुलगी म्हणाली आणि बॅग उचलून जिना उतरली.

तीन महिन्यांनी धाकटी भेटायला गेली. अंगठा काढावा लागला होता, पण ताई बरी दिसत होती. काठी टेकत स्वयंपाकघरात जात होती, लेकीला मीठ कमी पडल्याचं सुनावत होती. लेक "बरं बाई" म्हणत हसत होती. दोन वर्षं ज्या अबोल्यावर धाकटीने डोकं आपटलं, तो तिच्यावरच्या रागाने एका दिवसात फोडला होता. बोलायला त्यांच्याकडे विषय होता : ती.

तिला बाहेरच्या खोलीत बसवलं होतं, पाहुण्यासारखं. शेजारची एक बाई चाळणी परत करायला आली. तिने विचारलं, "या कोण?"

"माझी बहीण," ताई म्हणाली. "साखरेच्या कारखान्यात असते."

शेजारीण म्हणाली, "अरे वा."

धाकटीने मान डोलावली, पाण्याचा पेला खाली ठेवला आणि बसची वेळ झाली म्हणून उठली. बसला अजून तास होता.