नकाशावरची मानीबाई

“मामाजी, मामी कुठं चालल्या?”

फोनवर जावयाचा हा सवाल ऐकून रामलालच्या हातातला कडबा खाली पडला. त्याच्या बायकोला, मानीबाईला, जाऊन तीन महिने झाले होते. फुलसावंगीजवळच्या तांड्यात तिच्या तेरवीला हाच बादल पंगतीत वाढत फिरला होता.

“काय बोलून राह्यले, जावईबापू?”

“मी नाई, मोबाईल बोलून राह्यला. नकाशावर मामीचा फोटो आर्णीकडे सरकून राह्यला. उज्ज्वला तं तुमच्या घरीच दिसते.” बादल हसला. “मामी दवाखान्यात एकट्या जात, म्हून त्यायच्या फोनात मीच लावून देलतं ना ते लोकेशन.”

लेकीच्या, उज्ज्वलाच्या, फोनवर नवऱ्याची नजर असते, हे रामलालला ठाऊक होतं. नेरच्या बाजारात ती बांगड्यांच्या दुकानात जरा जास्त थांबली, तर बादलनं तिचा हात पिरगाळला होता. आता ती सासरी परत जाणार नव्हती. म्हणूनच सकाळी तिचा फोन घरात फळीवर ठेवून रामलालनं तिला मानीबाईचा फोन दिला आणि महागावहून नागपूरच्या गाडीत बसवलं; यवतमाळला गाडी बदलून ती मारेगावला मानीबाईच्या मैत्रिणीकडे, विमलताईकडे, जाणार होती.

बायको गेल्यावरही तो फोन त्यानं रोज चार्ज केला होता. रिचार्जही चुकू दिला नव्हता. तांड्यातले हसत. पण तो बंद करायचं त्याच्या मनाला येत नव्हतं. बादल त्यातूनही बघत असेल, हे डोक्यातच आलं नाही.

“फोन शामनं नेला,” तो कसाबसा म्हणाला. शाम त्याचा पुतण्या. “दुरुस्तीले.”

“अस्सं! मंग बरं झालं. मी यवतमाळातच हावो. स्टँडवर थांबतो, शामभाऊले चहा पाजतो. बरं, उज्ज्वलाले द्या फोन.”

“न्हाऊन राह्यली.”

“न्हाऊ द्या. मले घाई नाई.”

फोन ठेवल्यावर रामलाल पडद्यावर मानीचं नाव शोधायला लागला. बोट नीट पडेना. दोनदा हुकलं, मग फोन लागला.

“बा, काय झालं?”

“कुठं हायेस?”

“आर्णी आलीच.”

“उतर तिथं. फोन सीटखाली सार अन् उतर. बादल त्याच फोनवर तुले पाहून राह्यला. यवतमाळच्या स्टँडवर उभा हाये.”

ती हळूच म्हणाली, “बंद करू का?”

“बंद केला तं त्याले समजते. चालू राहू दे. गाडीसंगं जाऊ दे.”

“बा, याडीचे फोटो हायेत यात. मायनं म्हटलेली गाणी हायेत.”

“सार म्हन्तो ना, बाई!” रामलाल ओरडला. मग आवाज उतरवून म्हणाला, “घाटंजीची गाडी धर. तिथून मारेगाव. विमलताई वाट पाहून राह्यली.”

“पोचल्यावर तुले सांगू कसं?”

“नको सांगू. कोनाच्याच फोनवरून नको.”

त्यानंतर तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. मोटारसायकल वाजली की रस्त्याकडे धावायचा. आर्णीला गाडी थांबलीच नसेल तर? ती उतरली नसेल तर? विचारायला फोन लावायची सोय नव्हती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा फोन वाजला. पडद्यावर ‘मानी’ आणि ओढणी सावरतानाचा तिचा फोटो. रामलालनं तो भीतभीतच कानाला लावला. स्टँडवरचा गलका ऐकू आला. मग बादलचा आवाज.

“कुठं उतरवली तिले, म्हाताऱ्या?”

म्हणजे पोरगी त्याला सापडली नव्हती. रामलालनं फोन कापला.

लगेच तो पुन्हा वाजला.

आता बादल इकडंच येणार होता. रामलालनं दारासमोर बाज टाकली आणि रस्त्याकडे तोंड करून बसला. मांडीवरच्या फोनवर मानीचा फोटो उजळत होता, विझत होता, पुन्हा उजळत होता.